डिलाईल रोड ते गिरगाव, व्हाया गोकुराकु

लोक फिरायला जपानला जातात. आम्ही जपानच्या फ्लाईटच्या आदल्या दिवशी लालबाग, दादर, गिरगाव फिरलो. आम्ही म्हणजे मी, माझी ताई आणि व्हीलचेअरवर बाबा. जपानला एकटी ताईच चाललेली. तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना सांभाळायची नोकरी. त्यासाठी तिने जपानी शिकून परीक्षा पास केली. क्लासला मी पण जायचो. पण मी नवीन पोरांना जपानीत 'नमस्कार'च्या जागी 'मला भूक लागली' म्हणायला शिकवलं, तेव्हा सरांनी मला हाकललं.

तर तुमच्या घरचं कोणी परदेशी चाललं असेल तर हा रूट करा. किंवा नका करू. शेवटपर्यंत वाचा आणि ठरवा.

डिलाईल रोडवरून टॅक्सी घ्या. व्हीलचेअर असेल तर डिकीचा नाद सोडा, तिथे गॅसची टाकी असते. वर कॅरिअरवाली टॅक्सी बघा आणि दोरी घरून न्या. आम्ही खुर्ची बांधत होतो तर बाबा आतून ओरडले, "त्यापेक्षा मलाच बांधा वर. हवा तरी लागेल!" बाबांनी आयुष्यभर बस चालवली. मग लकव्याचा अटॅक आला, डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत.

पहिला स्टॉप लालबाग, चिवडा गल्ली. सकाळीच जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते. ताईने चिवडा घेतला, आणि उटण्याची पाकिटं.

"ए, जपानी म्हाताऱ्यांना उटणं लावणार तू?"

"बाबांना रे. दिवाळीला मी नसेन ना. आज घरी गेल्यावरच त्यांना दिवाळीची आंघोळ घालते. तेल, उटणं, सगळं."

बाबा आजारी पडल्यापासून रोजची आंघोळ ताईच घालायची. उद्यापासून कोण, हे घरात कोणी बोलत नव्हतं. घरात तिसरा माणूस मीच. मी चिवडा टेस्ट करत राहिलो.

मग दादर. मालवणी थाळी, माणशी पाचेकशे पकडा. सुरमई ताजी, सोलकढी एकदम कडक. ताई बाबांसाठी काटे काढत होती. दोन घास झाल्यावर ताट माझ्याकडे सरकवलं. "आता तू काढ."

मग तिने तो शब्द सांगितला. "तिथले म्हातारे गरम पाण्याच्या टबात बसले की म्हणतात, गोकुराकु, गोकुराकु. म्हणजे स्वर्ग. अंगाला इतकं सुख लागतं, मन इतकं भरतं, की आपोआप तोंडातून निघतं."

"बाबा काय म्हणतात आंघोळीला?" मी विचारलं.

"साबण डोळ्यात गेला म्हणतात."

"गेला तर म्हणणारच," बाबा म्हणाले.

मला तेवढंच पाहिजे होतं. वेटरला हाक मारली, "एक गोकुराकु फ्राय!"

वेटरने फडका खांद्यावर टाकला. पापणी पण हलवली नाही. "संपलं. उद्या या."

बाबा इतके हसले की सोलकढी नाकात गेली. ताईने पुसलं. तो हसतानाचा फोटो मी काढायला पाहिजे होता.

संध्याकाळी गिरगाव चौपाटी. चाकं वाळूत रुततात, म्हणून वरच थांबलो. ताई म्हणाली, "चला बाबा, पाणी तापवायचंय."

"तू नको," बाबा म्हणाले. "ह्याला घालू दे."

"बाबा, आज शेवटचं..."

"म्हणूनच. अंगाला तुझ्या हाताची सवय आहे. आज परत लावलीस, तर उद्यापासून मी ह्याला शिव्या देत बसेन."

भेळ घेतलेली, ती तशीच मऊ पडली.

घरी मोरीत बाबांना स्टुलावर मीच बसवलं. ताई उंबऱ्यावर उभी राहून सांगत होती, "आधी पायावर घाल. स्वतःच्या हातावर बघ पाणी." उटणं तिच्याच हातात राहिलं. मी मागितलं नाही, तिने दिलं नाही. बाबा ओरडले, "भाजलंस रे मेल्या!" ती एक पाऊल आत आली. बाबांनी उजवा हात वर केला. ती थांबली.

आता तिला जाऊन चार महिने झाले. परवा व्हिडीओ कॉल केला, एकदम खुशीत. एका आजोबांना तिने टबात बसवलं आणि ते म्हणाले, गोकुराकु, गोकुराकु. तिलाच उद्देशून. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "जेवली का विचार."

ट्रिपमधलं काय उरलं? चिवडा ताईने नेला. उटण्याची पाकिटं फळीवर आहेत. दिवाळीला काढली, तर बाबा म्हणाले, राहू दे.

मी रोज पाणी तापवतो, हातावर बघतो, आधी पायावर घालतो. आता भाजत नाही. काल पाठ चोळताना विचारलं, "काय बाबा, गोकुराकु?"

मला वाटलं हसतील. ते भिंतीकडे बघत होते.

"संपलं," म्हणाले. "उद्या ये."