आउनेची हरकत

उद्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आउने केट्टुनेन आमच्या फाटकापाशी बस थांबवेल आणि माझ्या टिल्डाला म्हणेल, "आईला सांग, पाव शिळा झाला असेल तर भाजून खा, टाकू नको." ती हे प्रेमानं म्हणेल. गेले चार दिवस मला त्या प्रेमाचीच धास्ती वाटतेय. ती माझ्यावर चिडली असती तर मी आत्ता झोपलेली असते. तिला वाटतं, शाळेच्या पुस्तकांच्या समितीत तिच्या बाजूनं उभी राहिलेली मी एकटीच.

रविवारी ती वेलची घातलेला गोड पाव घेऊन आली. फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट. कोट काढला नाही, दारातच उभी राहिली. "तुझ्यासाठी केलाय, मॅरेन. टिल्डाला कडेचा तुकडा दे, तिला तोच आवडतो." माझ्या मुलीला पावाचा कुठला तुकडा आवडतो हे या बाईला माहीत आहे, आणि मी तिच्याशी काय केलं हे नाही.

आउने चौसष्ट वर्षांची आहे. तिसाव्या वर्षापासून सात नंबरची बस चालवते. नवरा रेनो गेला त्याला नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही, पण आमच्या ऑल्डर पॉइंट गावातली अर्धी तरणी माणसं तिच्या आरशात बघत मोठी झाली आहेत. बसमध्ये तिचे नियम दोनच. उभं राहायचं नाही आणि कुणाच्या वडिलांबद्दल बोलायचं नाही. एकदा एका पोरानं विचारलं, "मिसेस के, आणि आयांबद्दल?" ती म्हणाली, "आयांबद्दल बोल, पण आधी मला सांग. खरं असेल तर मी तुला दुजोरा देईन."

ती मुळात कमी बोलते. फिनलंडहून इथे अमेरिकेत खाणीवर आलेल्यांची जुनी घरं तशीच. त्यांना एखादी गोष्ट पटली तर ती म्हणतात, "बरं." पटली नाही तर काहीच म्हणत नाहीत. कॉफीच्या कपाकडे बघत बसतात. रेनोनं एकदा घर विकून ग्रीन बेला जायचं ठरवलं होतं, कागदसुद्धा करून आणले होते. आउने तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी त्यानं कागद चुलीत घातले आणि मग ती म्हणाली, "बटाटे संपलेत." हा किस्सा रेनो स्वतः सगळ्यांना हसत सांगायचा. मी इथलीच. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कुणी शिकवावा लागत नाही.

आता ज्या धड्यावरून हे सगळं झालं, त्याबद्दल. एकोणीसशे सव्वीस साली चार नंबरच्या खाणीत आग लागली. खाली चोवीस माणसं होती. आग वरच्या पातळीवर पसरू नये, माल वाचावा, म्हणून कंपनीनं खालचं लोखंडी दार बाहेरून बंद करून घेतलं. त्या चोविसांत आउनेचा आजा होता. तिची आजी हिल्या तेव्हा बावीस वर्षांची. आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात दर मे महिन्यात हे शिकवतात. एका जुन्या शिक्षिकेनं म्हाताऱ्या बायकांना भेटून, त्यांचं बोलणं टिपून एक पुस्तिका तयार केली होती. त्यात हिल्याची दोन पानं आहेत. धडा संपला की मुलं चालत खाणीच्या कुंपणापर्यंत जातात आणि चोवीस नावं वाचतात. मीही गेले होते, नऊ वर्षांची असताना, आर्नी सॉर्वाला सरांच्या मागून. मला पंधरावं नाव आलं होतं.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला शाळांच्या जिल्ह्यानं ठरवलं की सामाजिक शास्त्रांची पुस्तकं बदलायची. शाळांचे नवे सुपरिंटेंडंट मिस्टर लॅथम दक्षिणेकडच्या शहरातून आलेले, गोड बोलणारे. लोकांना सहभागी करून घेऊ म्हणाले. सात जणांची समिती नेमली. स्वतः ते, चौथीचे आर्नी सर, आउने, मी आणि गावातली तीन जुनी माणसं. नमुन्याची पुस्तकं तीस दिवस वाचनालयात टेबलावर मांडली, शेजारी अभिप्रायाची कार्डं आणि पेटी. पहिल्या आठवड्यात पेटीत दोन कार्डं पडली. त्यातलं एक वाचनालयातल्या कॉफीबद्दल होतं.

आउनेनं ती सगळी पुस्तकं वाचली. सकाळची फेरी आटोपली की दुपारी बालवाडीच्या मुलांना नेईपर्यंत तिला वेळ असतो. बस शाळेच्या आवारात उभी करायची, गुडघ्यांवर घोंगडी घ्यायची आणि वाचायचं. पहिल्या बैठकीला ती कागदाच्या पिवळ्या चिठ्ठ्या लावलेला गठ्ठा घेऊन आली.

"या पुस्तकात आपल्या गावाला किती जागा आहे माहितीये?" तिनं लॅथमना विचारलं. "एक टिंब. नकाशावरचं. आणि तेही सरोवरात पडलंय."

सगळे हसले. लॅथमही हसले, वहीत टिपून घेतलं.

बसमध्ये कागद वाटायला ड्रायव्हरला परवानगी नाही. म्हणून ती संध्याकाळी स्वतःच्या पिकअपमधून आपल्याच फेरीवरच्या घरांना गेली. जी बाई शेजाऱ्याकडे मीठ मागायला जात नाही, ती छत्तीस किलोमीटर दारोदार हिंडली. "लिहा," म्हणायची. "हो लिहा, नाही लिहा, पण लिहा." महिन्याच्या शेवटी पेटीत एकशे अठरा कार्डं होती. नव्वदच्या वर लोकांनी लिहिलं होतं, आगीचा धडा ठेवा.

माझं कार्ड त्यात नव्हतं. आता ते का, हे लिहिते.

टिल्डा यंदा चौथीत आहे. ऑक्टोबरात पाचवीच्या मुलांनी तिला त्या दाराची गोष्ट सांगितली, मुलं सांगतात तशी, आतून नखं ओरबाडल्याच्या खुणांसकट. तेव्हापासून ती कुठलंच दार लावू देत नाही. न्हाणीघराचंही नाही. शाळेत स्वच्छतागृहात जात नाही, घरी येईपर्यंत धरून ठेवते. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू. मी आई आहे, हळूहळू म्हणजे किती ते मला सांगा. मे महिन्यात तो धडा येणार, म्हणून मी कॅलेंडरवरचे आठवडे मोजायचे. हे मी आउनेला कधी बोलले नाही. लॅथमना बोलले. एकदा बैठकीनंतर, वाचनालयाच्या पायऱ्यांवर. त्यांनी मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "मिसेस ओबर्ग, आई म्हणून तुम्हाला हे वाटणं अगदी बरोबर आहे." किती दिवसांनी कुणीतरी मला बरोबर म्हणालं होतं.

शेवटच्या बैठकीला आर्नी सरांना ताप होता. एरवी इतिवृत्त तेच लिहायचे. त्या दिवशी वही माझ्याकडे सरकवली. "तू लिही गं, तुझं अक्षर मीच घडवलंय."

लॅथमनी नव्या पुस्तकांची शिफारस वाचून दाखवली. त्यात आगीच्या धड्याला जागा नव्हती. मग ते म्हणाले, "यावर कुणाची हरकत?"

कुणी बोललं नाही. आउनेनं कप बशीत फिरवला, एकदा, परत एकदा. शेजारच्या म्हातारबाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. आर्नी सर नाक पुसत टेबलाकडे बघत राहिले. इथे वाढलेल्या पोरालाही कळलं असतं की पाच माणसं ‘नाही’ म्हणताहेत, आणि जोरात म्हणताहेत.

"छान," लॅथम म्हणाले. मग माझ्याकडे वाकून, हळूच, "मॅरेन, ‘कुणाचीही हरकत आली नाही’ एवढंच लिहा. हा भाग मी आठवीत नेतोय. तोवर टिल्डा चांगली मोठी झाली असेल."

मी लिहिलं. कॉलेजात मी इतिहास शिकले. एखाद्या कागदावरचं वाक्य कुणी, कशासाठी लिहिलं, हे आधी विचारायला मला तिथेच शिकवलं होतं. पण लिहिताना मला हलकं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आठवीत तर आठवीत, धडा राहतोय ना, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पान आर्नी सरांकडे दिलं. त्यांनी होतं तसं टाइप केलं.

स्कूल बोर्डाची सभा शाळेच्या जेवणघरात भरली. बोलणाऱ्याला तीन मिनिटं, मग घंटा. आउनेनं रेनोचा लग्नातला टाय गळ्यात बांधला होता. कुणाला हसावंसं वाटलं असेल, पण हसलं कुणी नाही. तिनं हिल्याच्या दोन पानांतलं अर्धं पान वाचलं आणि म्हणाली, "माझ्या आजीनं हे चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मुलांसाठी. एवढंच." घंटा वाजायला अजून एक मिनिट होतं.

मग लॅथमनी इतिवृत्त वाचलं. समितीत कुणाचीही हरकत आली नाही.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "मिसेस केट्टुनेन, तुम्ही तर समितीत होतात. तुम्ही हरकत घेतली होती का?"

"मी गप्प होते," आउने म्हणाली.

"म्हणजे हरकत नव्हती."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, बाहेरून येऊन राहिलेल्यांपैकी. आउने तशीच उभी राहिली. मग वळली आणि सरळ आर्नी सरांकडे बघितलं. सरांनी मान खाली घातली. मी तिच्या शेजारी बसले होते. खाली बसताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

आठवीचा उल्लेख कुणी केलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी लॅथमच्या ऑफिसात गेले.

"आठवीचं काय झालं?"

"आठवीची पुस्तकं बदलायची पाळी तीन वर्षांनी. तेव्हा बघू या ना."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"मी शक्यता बोललो होतो, मिसेस ओबर्ग." मग अगदी सौम्यपणे, "आणि इतिवृत्त तर तुम्हीच लिहिलंय. मी त्यात एक अक्षरही बदललेलं नाही."

खरं होतं. माझ्या मुलीची भीती मी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती किल्लीसारखी वापरली. परतताना गाडीत मी त्यांना नाही नाही ते बोलले, काचा बंद करून. पण फसवलं गेल्याचं रडू मला नीट येईना. मध्येच आउनेचा हात आठवायचा.

रविवारी दारात उभी राहून ती म्हणाली, "तू लिहीत होतीस ते मी समोरून बघत होते. तू खरं तेच लिहिलं असणार. टाइप करताना त्यानं बदललं."

"कुणी?"

"आर्नीनं. लॅथमच्या मर्जीत राहायचंय त्याला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत." बावीस वर्षं दर रविवारी आर्नी सर तिच्याकडे कॉफीला येतात. साखरेचा खडा दाताखाली धरून दोघं एक तास बसतात, दहा वाक्यं बोलतात. "आज आला होता. मी दार उघडलं नाही."

मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "आत या ना, थंडी आहे."

"नको. बस धुवायचीये." पायरी उतरताना ती थांबली. "येत्या सोमवारी शेवटचं मतदान आहे. मी जाणार नाही. आपल्याच माणसांनी हो म्हटलं असं कागदावर आहे. त्याच्यापुढं तीन मिनिटं काय बोलायचं?"

मंगळवारी मी आर्नी सरांना शाळेच्या व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, तुम्ही तिला सांगितलं का नाहीत?

"काय सांगू?"

"की ते वाक्य माझं आहे."

त्यांनी फळा पुसायचं फडकं कठड्यावर झटकलं. "ते तुझं आहे, तर मी कसं सांगणार?" मग फडक्याची घडी घालत, "दार तिनं माझ्या तोंडावर लावलं गं, मॅरेन. आत दिवा चालू होता."

त्यानंतर दोन दिवस मी कारणं शोधली. पहाटे पावणेपाचला आउने उठते, तेव्हा फोन करता येईल. पण मग असं ऐकून ती चौतीस मुलांना घेऊन बर्फाच्या रस्त्यावर निघणार, आणि त्यांत टिल्डा. दुपारच्या फेरीआधीही तेच. संध्याकाळी ती दमलेली असते. आईच्या काळजीला कारणांचा तोटा नसतो. असंच एक कारण मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर लॅथमना दिलं होतं.

सोमवारच्या सभेत मतदानाआधी इतिवृत्त मंजूर व्हायचंय. नियम मी आज तीनदा वाचला. ज्यानं लिहिलं तो उभा राहून दुरुस्ती मागू शकतो. पाच जण गप्प बसले होते आणि त्याचा अर्थ मला माहीत होता, हे मी तिथे बोलू शकते. त्यामुळे मतं फिरतील का, ठाऊक नाही. धडा परत आला तर मे महिन्यात टिल्डाचं काय होईल, तेही नाही. न्हाणीघराचं दार आजही उघडंच होतं. पण आउने आली नाही, तर मी कुणाच्या वतीनं उभी राहू?

सकाळी सात दहाला मी काही बोलणार नाही, मुलं असतात. सव्वानऊला बस आवारात उभी राहते, इंजिन बंद, आत ती एकटी. त्यानंतर दोन तास तिला कुठेच गाडी न्यायची नसते. नंबर माझ्याकडे आहे. टिल्डा आजारी असली की मी त्याच नंबरावर कळवते. सव्वानऊला मी फोन करणार. पहिलं वाक्य ठरवून ठेवलंय, त्याच्याआधी ‘कशा आहात’सुद्धा विचारणार नाही. "आउने, आर्नी सरांनी काही बदललं नाही. ते मी लिहिलं होतं."