अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

आमच्या घरात कौल लावायची सोय नव्हती. छप्पन साली बौद्ध झालो, तेव्हा देव नदीत सोडले ते सोडलेच. वडील ताडकळसला मास्तर. थोरला भाऊ छातीचा आजार घेऊन कॉलेजातून घरी आला, खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तेव्हा शेजारची मावशी म्हणाली, "देवीला फूल लावून बगा. उजवं पडलं तर पोरगं उठंल." वडील उसळले. "सोडलेले देव आजारपणात परत आणू का?"

मग भावाने आकड्यालाच कौल लावला. पाटीवर ओळीने सात एक मांडले आणि म्हणाला, ह्याला कशानंच पुरता भाग गेला न्हाई तर मी उठतो. गेला तर न्हाई.

वडिलांना हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता पाटी फुटते. पण भावाचा हात थरथरायला लागल्यावर तेच पाटी मांडीवर घेऊन बसले. स्वतः फुटत नाहीत असेच आकडे घ्यायचे, हजाराच्या जरा पुढे गेलं की पुरे. त्याहून मोठ्याने भाग गेला तर त्याचा धाकटा जोडीदार आधीच सापडलेला असतो. सुरुवात झकास झाली. तीन, सात, अकरा, तेरा, सगळ्यांना बाकी एक. भाऊ हसायचा. "एक काय जागचा हलंना."

दोनशे एकोणचाळीसची पाळी आली तेव्हा मी वडिलांच्या मागे ज्वारी निवडत होते. त्यांनी भागाकार मोठ्याने वाचला, "चार हजार सहाशे एकोणपन्नास," आणि थांबले. पाटीवर खाली शून्य होतं. मला स्वच्छ दिसलं.

"बाकी एक," म्हणाले आणि तळहाताने पाटी पुसली.

वर्गात बाकी चुकली की छडी उगारणारा हा माणूस. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना.

त्यानंतरही रोज शाळेतून आले की पाटी. दोनशे एक्केचाळीस, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. परभणीहून आणलेली इंजेक्शनं चालू होती, भाऊ वाळत होता आणि वडील फुटलेला आकडा पुन्हा पुन्हा भागत होते.

तो जायच्या थोडं आधीची दुपार. मी त्याला पेज पाजत होते. एकाएकी म्हणाला, "दोनशे एकोणचाळीसच्या शेवटी नऊ. भागाकाराच्याबी शेवटी नऊ. नऊ नवे एक्क्याऐंशी, म्हंजे एककाला एक. वर बाकी एक मिळवली तर दोन व्हायला पायजे. आपल्या आकड्यात दोन हाय का कुटं?"

मी वाटी खाली ठेवली. "तुला तवाच कळलं?"

"तवाच. बाबाला सांगू नको. लय मन लावून करायलेत."

संध्याकाळी वडील आले. हातपाय धुऊन पाटी घेऊन बसले. "कुठवर आलतो रे?"

भावाने पुढचा आकडा सांगितला.