ईस्टरच्या आठवड्यातली पाळी

इटलीत, पादोव्यातल्या त्या फ्लॅटमध्ये तिघं विद्यार्थी राहत. ईस्टरच्या सुट्टीत तिघांनी रेल्वेने मार्सेय, बार्सिलोना करून यायचं ठरवलं, तेव्हा महिनाभर खपून त्यांच्यातल्या नीव्हेसनेच सगळ्या गाड्या जुळवल्या. फ्रान्सच्या सीमेवर वेंतिमिल्याला गाडी बदलायला अकरा मिनिटं मिळतात, हे तिला तोंडपाठ होतं.

सुट्टीच्या थोडं आधी एका सकाळी फ्रीजवर साफसफाईच्या पाळ्यांचा नवा कागद लागला. जो बाहेरगावी जाणार त्याच्या नावावर काट मारायची, अशी घरातली रीत. ईस्टरच्या आठवड्यात लुदोविका आणि तिझ्यानोच्या नावांवर काट होती. संडास-बाथरूमपुढे नीव्हेसचं नाव मात्र तसंच होतं.

"हे काय गं?" तिने विचारलं.

लुदोविका कॉफीच्या भांड्याकडे बघत म्हणाली, "अगं, माझी मावसबहीण येतेय आमच्याबरोबर. हॉटेलच्या खोलीत तिघांचीच सोय आहे. आम्ही सांगणारच होतो."

"आणि तुझ्याबरोबर म्हणजे शाळेची सहल," तिझ्यानो हसला. "रागावू नकोस बाई. तो गाड्यांचा कागद तेवढा दे ना."

तिने कागद दिला आणि सॅक उचलून बाहेर पडली. जिन्यात तिला आठवलं, स्पेनच्या गाडीत रेल्वेचा पास असला तरी जागा आधी राखून ठेवावी लागते. ते कागदावर नव्हतं, कारण तेवढं ती स्वतः करणार होती. ती दोन पायऱ्या परत चढली. आत तिझ्यानो तिची नक्कल करत होता, "अकरा मिनिटं हं, अकराच!" लुदोविका खळखळून हसत होती.

नीव्हेस वळली आणि कॉलेजला निघून गेली.