विंगेतून आलेली उत्तरं

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे प्रॉम्प्टरकाका जन्मभर नाटकांच्या विंगेत उभे राहिले. नट अडला, की पुढचा शब्द हलकेच सरकवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पण सवय सुटली नाही. दुकानात काकू अडल्या, की पोत्यांमागून काकांचे ओठ हलायचे. "साबण." काकू लगेच ऐटीत म्हणायच्या, "साबण द्या."

मुलीला संशय आला. "आईची स्मरणशक्ती तपासून घेऊ. नापास झाली, तर मी तिला माझ्याकडे नेणार. बाबा, तुम्हाला एकट्याला नाही झेपायचं."

काकांचं धाबं दणाणलं. तपासणीच्या दिवशी ते डॉक्टरांच्या पाठीमागच्या पडद्याआड शिरले. बाहेर फक्त चेहरा.

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

काकू पडद्याकडे बघत म्हणाल्या, "गुरुवार."

पुढची उत्तरंही अशीच फटाफट आली. डॉक्टर खूश झाले. "छान! फक्त रक्तदाब वाढलाय. त्यासाठी ती गोळी देतो, ती आपली..." आणि अडखळले. पडद्यातून काकांच्या स्वतःच्या रोजच्या गोळीचं नाव आलं. "हां, तीच," म्हणून डॉक्टरांनी ते लिहिलंसुद्धा. मग दचकून मागे वळले.

"काका, बाहेर या!"

"चालू प्रयोगात?" काका कुजबुजले.

त्यांना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं. डॉक्टरांनी कागद तोंडासमोर धरून प्रश्न विचारले. काकू गप्प. कागद खाली करून तेच विचारलं, तर निम्मी उत्तरं बरोबर.

"या ओठ वाचतात," डॉक्टर म्हणाले. "यांना ऐकूच कमी येतंय. तसं झालं, की माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो आणि मेंदूचं काम कमी होतं. त्याने विसरण्याचा धोका वाढतो. रक्तदाबानेही वाढतो. कानाला यंत्र लावू, गोळी देऊ. विसरणं पूर्ण थांबेल, असा शब्द मी देत नाही. पण हातातलं तेवढं करू."

मुलगी आईसमोर येऊन बसली. "आई, माझ्याकडे येतेस?"

काकूंनी एकदा भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीकडे पाहिलं.

"तुझ्याकडे सुख आहे गं. पण मी आले, तर हे इथे कपाटाला वाक्यं सांगत बसतील. मी नाही यायची."

डॉक्टरांनी चटकन कोपऱ्यात जाऊन पाहिलं. काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.