माकल धुनीचं अडवलेलं कार्ड

अशा सदरांतले गूढ अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले ते निव्वळ करमणूक म्हणून. वाचायचं आणि मग त्यातली भोकं नवऱ्याला दाखवायची, हा माझा रविवार सकाळचा उद्योग. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. "हे असं होऊच शकत नाही" म्हणणाऱ्याला ते कसं होतं हे दाखवायचे मला पैसे मिळतात. आमच्या घरात नजर काढणं नाही, अंगारा नाही, काही नाही. तेव्हा मी इथे काही लिहीन असं मला गेल्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं असतं तर... असो. झालं ते क्रमाने सांगते.

आम्ही हायडेलबर्गला राहतो. निखिल, म्हणजे माझा नवरा, जवळच्याच एका कंपनीत आहे. त्याच्या टीमने त्याला वाढदिवसाला डीएनए टेस्टचा किट दिला. थुंकी भरून पाठवायची की तुमचे पूर्वज कुठले ते कळतं. रिपोर्ट आला तेव्हा माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या होत्या. जेवताना निखिल हसत हसत म्हणाला, "आई, हे बघ, मी थोडा आयरिश आहे म्हणे! चुकून कोणा दुसऱ्याचीच बाटली तपासली वाटतं."

आई हसल्या नाहीत. ताटातली कोशिंबीर एका कडेला सारत म्हणाल्या, "चुकून नाही."

आणि मग त्यांनी शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा आपल्या मुलाला सांगितलं. त्यांच्या आईचे वडील गोरे शिपाई होते. पहिल्या महायुद्धाआधी अहमदनगरच्या कॅम्पात, तोफखान्यात. आईंची आजी तिथे साहेबांच्या बंगल्यावर मुलं सांभाळायची. लग्न कुठल्या कागदावर झालं की नाही, देव जाणे, पण दोघं एका खोलीत राहत होते आणि त्यांना एक मुलगी झाली. घाऱ्या डोळ्यांची. मग लढाई लागली, तोफखाना आगबोटीत बसून गेला, आणि तो माणूस परत आला नाही.

"सगळे म्हणायचे, पळाला. तिकडे गोरी बायको करून बसला," आई म्हणाल्या. "माझी आई म्हातारी होईपर्यंत गावात पळपुट्याची पोर होती. माझ्या लग्नात बोलणी याच्यावरून मोडत आली होती, म्हणून मी तुला कधी बोलले नाही, निखिल."

"नाव काय होतं त्यांचं?" मी विचारलं.

"घरात म्हणायचे माकल धुनी. एवढंच माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी निखिल ऑफिसला गेल्यावर आई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "मृणाल, अगं, तो खरंच पळाला का, हे कळेल का गं कुठे? मला आता फार दिवस नाहीत. नुसतं हो की नाही कळलं तरी चालेल."

त्या मला कधी काही मागत नाहीत. त्यामुळे मी कामाला लागले.

फार शोधावं लागलं नाही, हे खरं. त्या टेस्टच्या साइटवर निखिलशी रक्त जुळणाऱ्यांची यादी होती. वरच एक आयरिश बाई, आडनाव डाउनी. डाउनी... धुनी! मी खुर्चीतून उठलेच. तिला मेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं. तिच्या आजोबांचा थोरला भाऊ मायकेल तोफखान्यात होता, आधी हिंदुस्थानात, मग फ्रान्सच्या आघाडीवर. तिथे पकडला गेला आणि जर्मनीत युद्धकैदी असताना आजारपणात वारला. घरी एक छापील चिठ्ठी आली होती, बस. नगरच्या बायको-मुलीबद्दल तिकडे कोणाला काहीच माहीत नव्हतं.

आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पळाला नव्हता."

"नाही, आई."

"माझ्या आईला कळायला हवं होतं हे."

युद्धकैद्यांच्या जुन्या याद्या ऑनलाइन आहेत, त्यात त्याच्या कॅम्पचं नाव मिळालं. लान नदीकाठचं एक लहानसं शहर, आमच्यापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या बाईंना त्रास नको. आयरिश कैद्यांना तिथे एकत्र ठेवलं होतं. मी तिथल्या श्टाटआर्खीवला, म्हणजे नगरपालिकेच्या दफ्तरखान्याला लिहिलं. उत्तर आलं: डाउनी नावाची इस्पितळातली नोंद आहे, आणि बहुधा त्याच्याच हातचं एक कार्ड. यायचं असेल तर मंगळवारी सकाळी अकराला या.

मे महिना होता, लख्ख ऊन. म्हणजे वातावरण वगैरे काही नव्हतं, हे लक्षात घ्या. दफ्तरखाना दुसऱ्या मजल्यावर. वाचनाची खोली आपल्या शाळेच्या वर्गाएवढी, पांढऱ्या भिंती, चार टेबलं, आणि आम्ही सोडून कोणी नाही. पेन बाहेर ठेवायला लावलं, शिसपेन्सिल दिली. फ्राउ केलर नावाच्या, पन्नाशीच्या, अगदी टापटीप बाई. आईंना जिने चढून दम लागला होता, त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. चष्मा पर्समध्ये, पर्स बाहेर लॉकरमध्ये. हे मी आवर्जून सांगतेय. टेबलापासून त्या चांगल्या आठ-दहा पावलांवर होत्या.

फ्राउ केलरनी आधी इस्पितळाचं रजिस्टर दाखवलं. मायकेल डाउनी, न्यूमोनिया, हिवाळ्यातली एक तारीख. मग एका पातळ फोल्डरमधून कार्ड काढलं. कैद्यांना घरी लिहायला द्यायचे तसलं, छापील ओळींचं. खालच्या भागावर तपकिरी कागदाची एक पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर जर्मनमध्ये शिक्का: भाषा अनोळखी, रोखून ठेवावे.

"तर, सेन्सॉरला वाचता आलं नाही म्हणून त्याने पाठवलं नाही," फ्राउ केलर म्हणाल्या. "आम्ही इतकी वर्षं समजत होतो की ही आयरिश भाषा आहे. मध्यंतरी एका प्राध्यापकांना दाखवलं, तर ते म्हणाले, ही आयरिश अजिबात नाही. मग कोणती, ते त्यांनाही सांगता आलं नाही."

मी कार्डावर वाकले. रोमन अक्षरं, इंग्रजी वळणाचं वेडंवाकडं स्पेलिंग. पहिली ओळ मनात वाचली. परत वाचली.

ते मराठी होतं.

"आई," मी म्हटलं, "तुमच्या आजीला लिहिलंय. मराठीत लिहिलंय!" आणि मोठ्याने वाचायला लागले.

"बाय, मी हाय. थंडी लई हाय. माणसं चांगला हाय..."

तिसऱ्या ओळीवर शाई पसरली होती. मी अडखळले, अक्षरं लावायला लागले. तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

"...पोरीला सांग, बाप मोठा पाण्यापलीकडे बसला हाय. दार उघडा ठेव. कंदील नको. भाकरीचा वास घेऊन येतो."

मी वळून बघितलं. आई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, डोळे समोरच्या भिंतीवर. आवाज त्यांचाच होता, पण लहान मुलं परवचा म्हणतात तशा चालीवर. मी परत कार्डाकडे बघितलं. बाप... मोठा... पाण्यापलीकडे. अक्षर न् अक्षर तेच. त्या म्हणत गेल्या आणि माझं बोट ओळींवरून सरकत गेलं. भाकरीच्या वासापाशी पट्टी सुरू झाली. पुढचं झाकलेलं. आई थांबल्या नाहीत.

"खिडकीत तीन पायाचा मांजर बसला हाय. माझ्याकडे बघते. मी त्याला तुझा नाव सांगितला."

मग गप्प झाल्या.

आणि त्याच क्षणी फ्राउ केलरनी झटकन मान वर केली. दोनदा हुंगलं. त्यांना मराठीचा शब्द कळत नव्हता, आम्ही काय बोलतोय हे मी अजून सांगितलंही नव्हतं. चेहरा पांढरा पडलेला. "काहीतरी जळतंय," म्हणाल्या आणि धावत कॉरिडॉरमध्ये गेल्या. दफ्तरखान्यात आग म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक.

मलाही वास आला होता. आईंना तर आलाच होता, कारण त्या अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "भाकरी करपतेय गं."

फ्राउ केलरनी सगळा मजला पालथा घातला. काही नव्हतं. त्या परत येईपर्यंत वास गेलाही होता. खाली बेकरी असती तर मी हे लिहिलंच नसतं. मी जाताना मुद्दाम बघितलं: खाली पासपोर्ट-ओळखपत्रांचं ऑफिस, शेजारी चष्म्याचं दुकान. आणि जर्मन बेकरीत ज्वारीची भाकरी कुठून करपणार?

परतीच्या गाडीत आई स्वतःहून बोलायला लागल्या. "मला झोपवताना आई हे म्हणायची. रोज. आम्ही भावंडं हसायचो, कारण तिचं मराठी एकदम शुद्ध आणि यात मात्र 'मांजर बसला', 'नाव सांगितला'. एकदा सुधारून म्हटलं तर तिने मला चापट मारली. म्हणाली, असंच आहे ते."

"त्यांना कोणी शिकवलं होतं?"

"तेच तर. आजी सांगायची, पोर तीन-चार वर्षांची असताना तिला मोठा ताप भरला होता. हुरड्याचे दिवस. दोन दिवस डोळे उघडले नाहीत, आणि मग तापात हे बडबडायला लागली. त्याच्याच बोलण्यात, त्याच्याच चुका करत. लढाईला गेला तेव्हा ती अंगावर पीत होती गं, त्याचं बोलणं तिला कुठून आठवणार? आजीने ते ऐकलं, उठली, आणि दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. लोक हसले तिला. म्हणाले, नवरा पळाला आणि ही रांडव झाली."

मी मोबाइल काढला आणि आई जे बोलल्या होत्या ते नोट्समध्ये जसंच्या तसं टाइप करून ठेवलं. पट्टीखालच्या ओळींसकट. तारीख-वेळ त्यावर आहे. टेस्टरची सवय.

निखिलने अर्थातच फोड करून बघितली. "त्याने आधी असंच आणखी एक कार्ड पाठवलं असेल, ते पोचलं असेल, कोणीतरी वाचून दाखवलं असेल." मलाही तेच पटायला हवं होतं. पण कार्ड इस्पितळातून लिहिलेलं, आणि त्यावरची तारीख रजिस्टरमधल्या मृत्यूच्या तारखेच्या चारच दिवस आधीची. आणि आईंची आजी शेवटपर्यंत एकच रड रडत होती, की त्याच्याकडून कधी चिटोरंसुद्धा आलं नाही. आलं असतं तर तिने ते सगळ्या गावाला दाखवलं असतं. "पळाला" म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला तिला दुसरं काय हवं होतं?

हुरड्याचे दिवस आणि रजिस्टरमधली तारीख... ढोबळमानाने जुळतात. वर्ष नक्की सांगणारं आता कोणी नाही. म्हणून मी त्यावर जोर देत नाही.

आई जूनअखेर पुण्याला परत गेल्या. निघताना त्यांना त्या कार्डाची रंगीत प्रत हवी होती, ती मी फ्रेम करून दिली. पट्टीसकट.

ऑगस्टमध्ये, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, फ्राउ केलरचा मेल आला. कार्ड डागडुजीसाठी पाठवलं होतं, तिथे पट्टी सोडवून काढली. खाली चार ओळी निघाल्या. भाषा कळत नसल्याने त्यांनी एकेक अक्षर बघून टाइप केलं होतं, शिवाय फोटो जोडला होता. मी मोबाइलमधली नोट उघडून शेजारी ठेवली.

तीन पायाचा मांजर. माझ्याकडे बघते. तुझा नाव सांगितला.

तिन्ही ओळी, चुकांसकट.

चौथी ओळ आईंनी म्हटलेली नव्हती. त्यांच्या आईनेही कधी म्हटली नव्हती. अक्षर तिथे फार हललेलं आहे, पण वाचता येतं:

"पोरगी इथेच बसली हाय. ती सगळा ऐकते हाय."

मी लॅपटॉप बंद केला आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले. कँटीनकडे जाणारी माणसं शेजारून चालली होती, जेवणाच्या वेळी इथे म्हणतात तसं कोणीतरी "मालत्साइट" म्हणालं, मी काय उत्तर दिलं आठवत नाही.

संध्याकाळी आईंना व्हिडिओ कॉल करून वाचून दाखवलं. "परत वाच," एवढंच म्हणाल्या. मी तीनदा वाचलं.

मी आजही भुतंखेतं मानत नाही. नजर काढत नाही. या गोष्टीतलं भोक मी रोज शोधते आणि अजून मला ते सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला दिसलं तर जरूर लिहा, मला खरंच हायसं वाटेल. फक्त "ताप होता हो" एवढंच लिहून सोडून देऊ नका. ताप दोघांनाही होता, ते मला माहीत आहे. एकाला लान नदीकाठी आणि एकीला नगरमध्ये.