सुई ठीक होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पाळकांना नाही. नवऱ्याला नाही. तो जाताना उशाशी बसले होते, ओठांवर आलं होतं, तरी गिळलं. प्रार्थनेतसुद्धा मी त्याच्या कडेकडेनं जाते. ‘प्रभो, माझे अपराध’ एवढं म्हणते, आणि अपराध कुठला ते म्हणत नाही. जणू त्याला ठाऊकच नसावं!

आता रायपुरातच, चौबे कॉलनीत भाचीच्या घरी वरच्या खोलीत राहते. तिची पोरं मराठी समजतात, पण उत्तर हिंदीतच देतात. ‘हमारी नानी ने गरीबों की बहुत सेवा की,’ असं ती शाळेत सांगून येतात. मी खाली मान घालून मटार सोलत राहते. किती दिवस सोलायचे?

माझं माहेर अमरावतीकडचं. आजोबांच्या काळापासून आम्ही ख्रिस्ती. नर्सिंग झालं आणि मिशननं मला रायपूरला पाठवलं. शहराच्या कडेला, एका तलावाकाठच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, दोन खोल्यांचा दवाखाना होता. रिक्षा ओढणारे, विटा वाहणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका, सगळे तिथं यायचे. सकाळी सात वाजता कुलूप उघडायचं, सिरिंजा उकळत टाकायच्या, दोन ओळींची प्रार्थना म्हणायची, की दाराबाहेर खोकले सुरू. खरूज, जुलाब, भाजलेलं, पडलेलं, ताप. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस मी. सगळे मला नर्सदीदी म्हणायचे.

आणि त्या पाऱ्यात माझ्याही आधीपासून एक होती. सुकवारो. तिथली दाई. काळी, सुकलेली, कोपरापर्यंत गोंदलेली विधवा. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पाऱ्यातली निम्मी पोरं मात्र तिच्याच हातांनी जगात आलेली. अडलेली बाई असली की ती मला बोलवायची, आणि मी पोचेपर्यंत पाणी उकळून तयार ठेवायची. तिचं-माझं कधी भांडण झालं नाही. हे मुद्दाम सांगते आहे. भांडण असतं तर निदान — नाही, असतं तरी काही फरक पडला नसता.

राज्य नुकतंच नवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं म्हणून रस्ते खोदून ठेवलेले, धूळ, आणि खड्ड्याखड्ड्यांत साचलेलं पाणी. त्या साली तापानं पारा भरून गेला. बाहेर ओळ संपेना. त्या सकाळी मी मलेरियाच्या दोन सिरिंजा भरून ट्रेमध्ये शेजारी-शेजारी ठेवल्या. एक बारा वर्षांच्या मुलीसाठी. दुसरी, अगदी थोडीशी, आठ महिन्यांच्या बाळासाठी. ते औषध लहानग्यांना फार बेतानं द्यायचं असतं. जास्त झालं तर काळीज थांबतं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत मी ते लिहिलेलं होतं.

बाळाची आई दुलारी. पहिलटकरीण, एकोणीस-वीस वर्षांची. बाळ तिच्या खांद्यावर रडत होतं. मी सुई टोचली, कापूस दाबला, ‘जा, झालं’ म्हटलं. ती गेली. मग बारा वर्षांची मुलगी बाकावर बसली, मी ट्रेकडे हात नेला — आणि उरलेल्या सिरिंजमध्ये जेमतेम थेंबभर औषध.

खिडकीतून दुलारी दिसत होती. गल्लीच्या तोंडाशी, निळं लुगडं. हाक ऐकू गेली असती. धावले असते तर चाळीस पावलं. रिक्षा होत्या, मोठं इस्पितळ होतं. वाचलं असतं की नाही, कोण जाणे — पण धावायचं तर होतं ना? मी धावले नाही. मला वाटलं, काही होणार नाही. छे, हेही खोटं. मला वाटलं, धावले तर सगळ्यांना कळेल.

मी दुसरी सिरिंज भरली. त्या मुलीला टोचली. रजिस्टरमध्ये दोघांच्या नावांपुढं बरोब्बर मात्रा लिहिली. अक्षर कधी नव्हे इतकं सुरेख आलं होतं.

वाटेत दुलारीला सुकवारो भेटली. बाळ एकदम गप्प झालंय म्हणून तिनं ते मांडीवर घेतलं. तळपाय चोळले, कपाळावरून बोट फिरवलं, दृष्ट काढली. बाळ तिच्या मांडीवरच गेलं.

संध्याकाळपर्यंत एक शब्द साऱ्या पाऱ्यात फिरला. टोनही. आपल्याकडे चेटकीण म्हणतात तेच. बिनलेकराची बाई, लोकांची लेकरं खाते. कालपर्यंत जिच्या हातून नाळ कापून घेतली तिलाच म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी पाऱ्याचा सियान, म्हणजे जाणता म्हातारा, माझ्याकडे आला. मागं दुलारी, तिच्या मागं वीस-पंचवीस माणसं. म्हातारा न्यायी होता. त्यानं सरळ विचारलं, “दीदी, सुई त ठीक रिहिस न?” सुई तर ठीक होती ना?

दुलारी माझ्याकडे पाहत होती. तिच्या चोळीवर दूध पाझरून ओलं झालेलं.

मी म्हटलं, “सुई ठीक थी.”

तीन शब्द. आवाज कापला नाही माझा. म्हातारा ‘हव’ म्हणाला, मान डोलावली, आणि सगळे वळले.

दुपारी सुकवारोला पाऱ्याबाहेर काढलं. केस कापले, भांडी रस्त्यावर फेकली. तिचा आवाज आला नाही. एकदाही नाही. मी दवाखान्याची खिडकी लावून घेतली, आणि कडी नीट बसली की नाही ते दोनदा पाहिलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याचं काय करायचं, ते मला आजही कळत नाही.

बायका लेकरं घेऊन येऊ लागल्या. आजारी नव्हेत, धडधाकट. ‘डोक्यावर हात ठेव दीदी, तुझ्या हातापुढं टोनहीचं चालत नाही.’ दवाखान्याच्या दाराला कुणी लिंबू बांधलं, कुणी काळा दोरा. आमच्या मिशनला असलं चालत नसे. मी काढून टाकायची, सकाळी पुन्हा असायचं. आणि हात? हात मी ठेवत होते. नाही म्हटलं असतं तर ‘का नाही’ ते सांगावं लागलं असतं.

मग एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या हातात आलेली बाळं रडत नव्हती. सुई टोचल्यावर बाळ रडतं, रडलंच पाहिजे. ती रडत नव्हती. आईच्या खांद्यावर टाहो फोडणारं लेकरू मी घेतलं की गप्प. डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघायचं. कधी माझ्याकडेही नाही, माझ्या खांद्यावरून मागं. मागं भिंत होती. बायका म्हणायच्या, बघा, दीदीचा हात कसा गुणाचा. एकेका बाळाला मी जरा जोरात टोचून पाहिलं. हेही सांगून टाकते. नाहीच रडली.

ऐन दुपारी, गल्ली ओस पडली की, समोरच्या कडुनिंबाखाली कुणीतरी बसलेलं दिसायचं. मांडी घातलेली, हातांचा पाळणा केलेला, आणि पाळण्यात काही नाही. मी डोळे चोळायची. ब्राह्मणपाऱ्यातल्या मालतीताई तेव्हा आमच्याकडे रुग्णांच्या चिठ्ठ्या लिहायला येत. नागपूरकडच्या, मायाळू. एकदा त्यांनी विचारलंच, “काहून वो, रोज रोज तिकडं काय पाहून राहिल्या?”

“त्या झाडाखाली कोण बसलंय, ताई?”

त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. “कोनीच नाही. ऊन लागलं तुमाले. पानी प्या.”

मी पाणी प्यायले. झाडाखालचं कुणी हललं नाही.

तीन वर्षं अशी गेली. त्या साली मिशननं आठवड्यातून एक दिवस शहराबाहेर वसवायच्या नव्या राजधानीकडच्या गावांत जीप पाठवायला सुरुवात केली. तिकडे तेव्हा भाताच्या शेतांमधून रुंदच्या रुंद रस्ते आखून ठेवले होते. माणूस नाही, बस नाही. नुसता वारा. गुरुवारी मी जायची. एका गावात बायका म्हणाल्या, तळ्यापलीकडे एक म्हातारी राहते, हात बांधून. कुणाला शिवत नाही. लाकडी पळीनं खाते. अंगाला वास मारतो. तुम्ही पाहाल का?

मला कळलं होतं. तिथंच, जीपपाशीच कळलं होतं.

झोपडीच्या दारात सुकवारो बसली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत चिंध्यांत गुंडाळलेले. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. “नर्सदीदी!” म्हणाली. कोण भेटतंय तिला, माहेरचं माणूस भेटावं तशी.

मी चिंध्या सोडल्या. आतली कातडी पांढरी, पाण्यात राहिल्यासारखी. बोटं एकमेकांना चिकटलेली. नखं वाढून तळव्यात रुतलेली. मी धूत होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत हळू आवाजात बोलत होती, शेजारणीला दुखणं सांगावं तसं. इतकी बाळंतपणं केली, म्हणाली. इतकी लेकरं या हातांनी चोळली. कधी काही झालं नाही. मग त्याच दिवशी हातात काय आलं? माझ्याच हातात होतं आणि मलाच कसं कळलं नाही?

मग तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. “तैं पढ़े-लिखे हस, दीदी. देख त, एमा का हे?” तू शिकलेली आहेस. बघ ना, यात काय आहे?

त्या झोपडीत माझ्याशिवाय, तिच्याशिवाय कुणी नव्हतं. बाहेर वारासुद्धा पडला होता. तिनं मला काही केलं नसतं. शिव्यासुद्धा दिल्या नसत्या. मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी तेवढ्यासाठीच तळं ओलांडून आले होते — असं मी वाटेत स्वतःला सांगत आले होते.

मी म्हटलं, “जखमा आहेत. बऱ्या होतील.”

मी जांभळं औषध लावलं आणि बोटं उघडी ठेवायला सांगितली. वारा लागू दे म्हटलं. तशी ती घाबरली. लेकरं इकडं खेळायला येतात, म्हणाली. चुकून हात लागेल. बांध दे दीदी, बांध दे.

आणि मी बांधले. स्वच्छ गॉज घेऊन, एकेक बोट वेगळं करून, नर्सिंगला शिकवलं होतं तसं घट्ट, नीटनेटकं. माझ्या हातांनी तिचे हात बांधून दिले. ती ‘अब बने हे’ म्हणाली. आता बरं झालं. माझ्या पाया पडली.

त्यानंतर दर गुरुवारी मी पट्टी बदलायला जात होते. पावसाळाभर, हिवाळाभर. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मी येते याचंच तिला कौतुक. प्रत्येक गुरुवारी आम्ही दोघीच असायचो. प्रत्येक गुरुवारी मी बांधून परत यायची. आणि एक सांगू? झाडाखालचं ते तेव्हापासून दिसायचं बंद झालं. बाळं पुन्हा रडू लागली. मला हलकं वाटायला लागलं होतं. हलकं! यापेक्षा भीतिदायक मला काही वाटत नाही, अजूनही.

होळीच्या सुमाराला एका गुरुवारी झोपडी रिकामी सापडली. चार दिवसांपूर्वी गेली, गावकरी म्हणाले. शिवायला कुणी तयार नव्हतं, बांबूनं लोटत नेली आणि तिथंच तळ्याकाठी पुरली. मी विचारलं, हातांच्या पट्ट्या? त्यांना प्रश्नच कळला नाही. कोण सोडणार?

दुलारी रायपुरातच असते. तिला नंतर दोन मुली झाल्या. तिचं घर मला ठाऊक आहे, रिक्षानं वीस मिनिटं. तिचं बाळ सुकवारोनं खाल्लं, असंच ती आजही समजते.

मी गेलेले नाही.