ट्रेलरमधली शाळा

आमच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या गावची शाळा मुलांना पुरत नाही, म्हणून निम्मे वर्ग मैदानात उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये भरतात. नवी इमारत बांधायची का, हा प्रश्न यंदा मतपत्रिकेवर होता. बांधली तर घरपट्टी वाढणार होती.

इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांबरोबर मी मत द्यायला गेलो. विद्यादानासारखं दान नाही, असं हे काका दर रविवारी मराठी शाळेत पोरांकडून घोकून घेतात. मतदान केंद्र असलेल्या चर्चबाहेरच्या रांगेत मला म्हणाले, "आपली मुलं शिकून मार्गी लागली. आता टॅक्स कशाला वाढवायचा?"

मग त्यांनी पुढच्या गोऱ्या आजोबांनाही विचारलं. ते म्हणाले, मुलं ही देवाची देणगी, पण टॅक्स वाढवायचा नाही.

काका खूश. "बघ, संस्कार अगदी आपल्यासारखेच!"

घाला चुलीत तुमचे संस्कार, असं अगदी ओठांवर आलं होतं. मला दोघांचीही शिसारी आली. आत गेलो, पेन उचललं आणि 'नाही'पुढचा गोल रेषेबाहेर न जाता नीट काळा केला.

माझी मुलगी त्याच ट्रेलरमध्ये थंडीत अंगातला कोट न काढता शिकली. पण ती गेल्याच वर्षी कॉलेजला गेली.